मामाच्या घरी वाढलेली बदकं

डिस्नेच्या बदकांच्या कार्टून मालिकेचं, ‘डकटेल्स’चं, नवं रूप मी पहिल्यांदा बघितलं ते 2020 च्या लॉकडाऊनमध्ये, मोबाईलवर, एकटीनं. या दिवाळीनंतर दुसऱ्यांदा बघायला घेतलं, ते शाळेतल्या टीव्हीवर, एकतीस लेकरांना समोर मांडी घालून बसवून. मालिका तीच, पण दुसऱ्या खेपेला मला तिच्यात जे दिसलं ते पहिल्यांदा दिसलंच नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. बालाघाटच्या डोंगरातलं गाव. दसरा झाला, सीताफळं संपत आली की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. नवराबायकोचा कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल म्हणजे आगाऊ मजुरी, गाडीत भांडीकुंडी आणि कडेवर असेल ते तान्हं. शाळेतली लेकरं मागं आजीजवळ राहतात. त्यांच्यासाठी आमच्याकडे हंगामी वसतिगृह चालतं. दोन्ही वेळचं जेवण शाळेत, झोपायला आपापल्या आजीकडं. आठवडाभर दिवस जातो. रविवार मात्र या लेकरांना खायला उठतो. गावानं लोकवर्गणीतून शाळेला टीव्ही घेऊन दिलाय, म्हणून मी रविवारी दुपारी वर्ग उघडते, माझ्या मोबाईलचं नेट जोडते आणि एक भाग लावते. कधी दोन.

रविवारच मी का धरला, त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर जुनं ‘डकटेल्स’ हिंदीत लागायचं ते रविवारीच. माझे आईवडीलही ऊसतोडीला जायचे, कोल्हापूरकडच्या कारखान्यांवर. मी आणि माझे दोन धाकटे भाऊ केजजवळ मामाकडे. मामाचं किराणा दुकान होतं. रात्री दुकान बंद केलं की मामा गल्ल्यातली चिल्लर डालड्याच्या रिकाम्या डब्यात ओतायचा, पाच पैसे सुद्धा मोजून. स्क्रूज मॅकडक नावाचं म्हातारं बदक सोन्याच्या नाण्यांत सूर मारून पोहतं हे टीव्हीवर बघितल्यावर माझ्या धाकट्या भावानं त्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून पोहायची नक्कल केली होती. मामानं ते बघितलं आणि रागावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच डबा पुढं सरकवला आणि म्हणाला, "पव आता, पण शेवटी मोजून दे." भाऊ त्या वर्षी मोजणी अशी शिकला.

मामाचा टीव्ही काळापांढरा होता. मालिकेतल्या तिघा भावांपैकी ह्युईचे कपडे लाल, ड्युईचे निळे, लुईचे हिरवे, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. आमच्यासाठी तिघंही करडे होते. तसंही जुन्या मालिकेत त्या तिघांत फारसा फरक नव्हताच. मूळ इंग्रजीत तिघांचाही आवाज रुसी टेलर या एकाच अभिनेत्रीचा होता. एकानं वाक्य सुरू करायचं, दुसऱ्यानं पुढं न्यायचं, तिसऱ्यानं संपवायचं. तरी आमचा जीव त्यांच्यावर होता. वीज गेली की भाग अर्धाच राहायचा आणि पुढचं आम्ही अंगणात आमच्या मनानं करायचो. अर्ध्यावर तुटण्याची सर्वांत मोठी गोष्ट मात्र हंगेरीतली. 12 डिसेंबर 1993, तिथंही रविवारच. ‘डकटेल्स’ चालू असताना ते मधेच थांबवलं गेलं, कारण देशाचे पंतप्रधान योझेफ अन्ताल वारले होते. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या पिढीला तिकडं ‘डकटेल्स पिढी’च म्हणतात. हे वाचलं तेव्हा ती सगळी पोरं मला आमच्याच गल्लीतली वाटली.

जुनी मालिका 1987 ते 1990 अशी अमेरिकेत चालली, शंभर भाग. सुरुवातीलाच डोनाल्ड नौदलात निघून जातो आणि तिन्ही भाच्यांना स्क्रूजच्या वाड्यावर सोडतो. इतकंच. त्यांची आई कुठं आहे, बाप कुठं आहे, कुणी विचारत नाही. आम्हीही कधी विचारलं नाही. आईबाप कामाला गेलेत आणि लेकरं मामाच्या घरी आहेत, यात विचारायचं काय, असंच आम्हाला वाटायचं. आमच्या गल्लीत तशी पुष्कळ घरं होती.

आणि हिंदीतल्या ‘अंकल’मुळे एक गोष्ट झाकली गेली होती. डोनाल्ड हा या तिघांचा सख्खा मामा आहे. त्यांची आई डेला ही डोनाल्डची जुळी बहीण. आणि स्क्रूज हा डोनाल्ड-डेलाच्या आईचा भाऊ, म्हणजे त्या दोघांचा मामा. म्हणून तर त्याचं आडनाव वेगळं, तो मॅकडक आणि हे डक. म्हणजे दोन पिढ्या मामाच्याच आधारानं वाढलेलं घर आहे हे. ‘अंकल’ म्हटलं की काका, मामा, आत्याचा नवरा, शेजारी सगळे एकाच पोत्यात. माझ्या वर्गात मी पहिल्याच दिवशी फळ्यावर वंशावळ काढून दिली. तेव्हापासून लेकरं त्याला ‘स्क्रूजमामा’च म्हणतात.

आता नव्याबद्दल. मॅट यंगबर्ग आणि फ्रान्सिस्को अँगोनेस यांनी ही मालिका नव्यानं उभी केली. 12 ऑगस्ट 2017 ला अमेरिकेत डिस्ने एक्सडी वाहिनीवर ती परत आली तेव्हा पहिला भाग सलग चोवीस तास पुन्हा पुन्हा दाखवला होता. पुढं तीन हंगाम चालून 15 मार्च 2021 ला संपली. स्क्रूजचा आवाज आता डेव्हिड टेनंटचा. जुना आवाज ॲलन यंग यांचा होता, ते 2016 मध्ये वारले. टेनंट स्वतः स्क्रूजसारखाच स्कॉटलंडचा असल्यामुळे त्याच्या तोंडी ती भाषा घरची वाटते. रागावला की र वर असा घोळतो की इंग्रजी न कळणारी माझी लेकरंही तो राग ओळखतात.

चित्रं मला फार आवडली. जुन्यासारखी गुबगुबीत, गोल रेघ नाही. रेघ टोकदार आहे, रंग सपाट, आणि जुन्या छापील कॉमिक्समध्ये शाईचे ठिपके दिसायचे तसे ठिपके जागोजागी ठेवलेत. हा मान कार्ल बार्क्सला दिलाय. स्क्रूज हे पात्र त्यानंच 1947 मध्ये कॉमिक्ससाठी घडवलं. ते टीव्हीवर यायच्या चाळीस वर्षं आधी. चित्रकलेच्या तासाला मी एक चौकट थांबवून ठेवली आणि लेकरांनी पाटीवर स्क्रूज काढला. तोंड, टोपी, काठी. सहज जमतो. जुना काढायला अवघड होता, मला आठवतंय.

विनोदाचं सांगायचं तर नवी मालिका जुनीपेक्षा खूप जास्त हसवते. फ्लिंटहार्ट ग्लोमगोल्ड हा स्क्रूजचा वैरी जुन्यात नुसता दुष्ट होता. इथं तो प्रत्येक डाव पायरीपायरीनं मांडतो, त्यात कुठंतरी शार्क घुसवतो आणि स्वतःच स्वतःच्या डावात पडतो. स्क्रूजचा वैमानिक लाँचपॅड विमान उतरवत नाही, आपटतोच. विमान खाली यायला लागलं की माझा अख्खा वर्ग एका सुरात "आपटलं, आपटलं!" करतो आणि ते आपटतं. वेबी जुन्या मालिकेत बाहुली कवटाळून मागं मागं फिरणारी पोर होती, मला तिचा तेव्हा वैताग यायचा. आता ती दोरावर चढते, दरवाजे फोडते, स्क्रूजचा सगळा इतिहास तिला तोंडपाठ आहे, आणि आयुष्यभर वाड्यात बंद असल्यानं मैत्री कशी करायची हेच तिला कळत नाही. हसू येतं आणि माया पण वाटते. माझ्या वर्गातल्या मुलींचं सगळ्यांत आवडतं पात्र तीच.

तिन्ही भावांनाही आता तीन आवाज आणि तीन स्वभाव दिलेत. ह्युई पुस्तक बघून चालणारा. ड्युईला सगळ्यांनी आपल्याकडंच बघावं वाटतं. लुईला कष्ट नको आणि पैसा हवा. माझे दोन भाऊ अगदी ड्युई आणि लुई.

भाषेचं मात्र दुःख आहे. मला ही मालिका मराठीत मिळाली नाही. संवाद इतके भरभर चालतात की मलाच दोनदा ऐकावं लागतं. मी आदल्या रात्री भाग बघून ठेवते, दुसऱ्या दिवशी टीव्हीशेजारी उभी राहते आणि मधे मधे थांबवून सांगते. शब्दांवरचे विनोद तिथंच सांडतात, त्याला माझा इलाज नाही. डोनाल्ड बोलायला लागला की मात्र मजा येते. त्याचं बोलणं इंग्रजी येणाऱ्यांनाही धड कळत नाही, आणि नव्या मालिकेत त्यावरून बाकीची पात्रं त्याला सारखी ‘काय म्हणालास?’ करतात. माझ्या लेकरांना तर सगळेच तसे बोलताना ऐकू येतात. त्यामुळे डोनाल्ड त्यांना सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो हातवारे करून सांगतो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. लेकरांची आई कुठं आहे, हा प्रश्न नव्या मालिकेनं पहिल्याच भागात विचारला. ड्युईला वाड्यात एक जुनं चित्र सापडतं. स्क्रूजमामा, डोनाल्डमामा आणि त्यांच्या शेजारी आई. या तिघा भावांचा जन्म 1937 च्या वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीतला. बापाच्या खुर्चीखाली फटाका फोडला म्हणून आईनं चिठ्ठी लिहून त्यांना डोनाल्डकडं पाठवून दिलं, अशी ती गंमत. त्यानंतर ऐंशी वर्षं आई जवळजवळ चिठ्ठीपुरतीच राहिली. नव्या मालिकेनं तिचा शोध हाच पहिल्या हंगामाचा कणा केला. ड्युई तो शोध भावांपासून लपवून करतो, त्यावरून पुढं भांडणं होतात. आणि हंगाम संपत आल्यावर, विमान एका सुळक्यावर अडकलेलं असताना, स्क्रूजला सांगावंच लागतं. लेकरं अजून अंड्यात होती तेव्हा त्यानं डेलासाठी गुपचूप एक अंतराळयान बांधलं होतं. तिला ते कळलं, ती कुणाला न सांगता घेऊन गेली, वादळात सापडली आणि परत आली नाही. स्क्रूजनं तिला शोधण्यात आपला जवळजवळ सगळा पैसा घातला. पाच पैसे मोजणाऱ्या माणसानं. हे सांगूनही लेकरं त्याला माफ करत नाहीत, सोडून जातात. रिकाम्या वाड्यात तो एकटा बसतो. त्या दिवशी वर्गात कुणी हललं नाही. मी थांबवून काही समजावलंही नाही.

दुसऱ्या हंगामात एक अख्खा भाग डेलाचा आहे, चंद्रावरचा. तो आम्ही जानेवारीत बघितला, संक्रांतीनंतरच्या रविवारी. ती तिथं दहा वर्षं आहे. यान पडलं तेव्हा पाय अडकला, तो गेला, तिनं लोखंडाचा करून लावला. हवा नाही, तर एक च्युइंगम आहे, ते चघळलं की श्वास घेता येतो. यान दुरुस्त करायचं, उडवायचं, पडायचं, परत दुरुस्त करायचं. आणि ती लेकरांसाठी अंगाई म्हणते. त्या अंगाईची चाल 1989 च्या ‘डकटेल्स’ व्हिडिओ गेममधल्या चंद्राच्या टप्प्याची आहे. ज्यांनी लहानपणी तो खेळ खेळलाय ते या ठिकाणी रडतात म्हणे. आमच्याकडं तो खेळ कुणी खेळलेला नाही. तरीही.

तिसरीतली एक पोर पहिल्या रांगेत बसते. तिनं बोट वर केलं.

"मॅडम, ती यायना का?"

मी म्हटलं, "यान मोडलंय ना तिचं."

पोर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तिची उचल फिटली नसंल."

शेजारच्या पोरानं लगेच विचारलं, "तिचा मुकादम कोण हाय?"

कुणी हसलं नाही. त्यांनी ते अगदी साधेपणानं विचारलं होतं, हिशोबातली अडचण विचारावी तसं. उचल घेतली की ती फिटेपर्यंत येता येत नाही, हे त्यांना पाढ्यांच्या आधी कळतं. चंद्रावरचं सगळं त्यांना समजलं होतं, फक्त रकमेचा प्रश्न राहिला होता. मी इतकंच म्हणाले की तिचा मुकादम नाही, ती आपल्या मनानं गेली होती. यावर पोरीला काही केल्या पटेना. "आपल्या मनानं कोण जातंय मॅडम?"

पहिल्यांदा एकटीनं बघताना हा भाग मला एका धाडसी बाईची गोष्ट वाटला होता. आता बघते तर ती अगदी आमच्याकडची गोष्ट आहे, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पडल्या पडल्या मागं ठेवलेल्या लेकरांचा विचार करणाऱ्या बाईची. माझी आई कारखान्यावरून आली की आमच्या अंगावरून हात फिरवून आधी उंची बघायची. डेला परत येते तेव्हा तिच्या मनातली लेकरं अजून अंड्यातलीच असतात. त्यांची नावं तिनं जेट, टर्बो आणि रेबेल ठरवलेली असतात. समोर येतात ह्युई, ड्युई, लुई, दहा वर्षांचे, आपापल्या सवयींचे. हा विनोद आहे, लेकरं खूप हसलीही. मी हसू शकले नाही.

आणि यापुढचं मालिकेनं जे केलंय त्यासाठी मी तिला सगळ्यांत जास्त मानते. आई आली, मिठ्या मारल्या, संपलं, असं केलं नाही. आल्यानंतरचं अवघडपण दाखवलंय. ड्युई तिच्यासारखाच, त्याचं लगेच जुळतं. लुईचं जुळत नाही. एका भागात तो टबाचं कालयंत्र वापरून जुन्या काळातला खजिना आणायला जातो आणि सगळं घर संकटात पडतं. डेला त्याला शिक्षा करते. दहा वर्षं नसलेली आई एकदम शिक्षा करायला लागली तर लेकराला काय वाटतं, हे लुईच्या तोंडावर दिसतं. पाडव्यानंतर पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, मायबाप गावात येतात आणि दोनच दिवसांत ही भांडणं माझ्या शाळेच्या फाटकात सुरू होतात. "केस का विंचरले नाहीत?" "तू नव्हतीस तवा आजी विंचरायची." मी स्वतः आईला हे बोललेली आहे, आठवीत असताना, यापेक्षा वाईट शब्दांत. मालिकेतली डेला चुकते, ओरडते, पण मागं हटत नाही. आई होणं तिला शिकावं लागतं. लहान मुलांच्या विनोदी मालिकेत इतकं खरं मी दुसरीकडं बघितलेलं नाही.

ती परत येते तो भाग आम्ही महाशिवरात्रीच्या आसपास बघितला. रविवारी भाग झाल्यावर मी लेकरांना माझ्या फोनवरून घरी बोलू देते, प्रत्येकाला दोन मिनिटं. त्या दिवशी पहिल्या रांगेतल्या पोरीनं फोन कानाला लावला आणि ना रामराम ना काही, एकदम ओरडली, "माय, आली की गं ती!" पलीकडं मोळ्या गाडीत भरायचा आवाज येत होता. आईनं विचारलं, "कोण आली गं?" पोरीनं दोन्ही मिनिटं चंद्र, च्युइंगम आणि लोखंडी पाय सांगण्यात घालवली. मी आणखी दोन दिली.

तिसरा हंगाम मला तितका भावला नाही. फाउल नावाच्या गुप्त टोळीचं कारस्थान त्यात मधोमध येतं आणि डिस्नेच्या जुन्या मालिकांतली पात्रं एकामागून एक पाहुणी म्हणून येतात. ज्यांनी त्या मालिका बघितल्यात त्यांना आनंद होत असेल. माझ्या लेकरांना ती माणसं कोण हे कळत नाही आणि सांगत बसलं तर गोष्ट मागं राहते. घरातल्या माणसांना मिळणारा वेळ कमी होतो. त्यातही डेला घरात रुळल्यावर तिला करायला फारसं ठेवलेलं नाही, हे मला खटकलं. इतक्या कष्टानं आणलेल्या आईला असं मागं बसवायला नको होतं. शेवटचा मोठा भाग चांगला आहे, तो सोडू नका.

तुमच्या घरी सहा-सात वर्षांचं लेकरू असेल तर पहिल्या भागापासून लावा, मधूनच नको. जुन्याचा एखादा भाग कुठूनही बघितला तरी चालायचं, याचं तसं नाही. आईचा धागा सुटला की पुढचं कोरडं वाटतं. लेकराला इंग्रजी येत नसेल तर जवळ बसा, आणि शब्द न् शब्द सांगू नका, कोण कुणाचं कोण लागतं तेवढं आधी सांगा. बाकीचं त्यांना चित्रांवरून कळतं. मामा म्हणायचं, अंकल नाही. आणि चंद्राचा भाग लावाल तेव्हा रात्री झोपायच्या वेळी लावू नका. आमच्याकडं त्या दिवशी दोन लेकरांना आजीकडं झोप लागली नाही, एका आजीनं सकाळी येऊन मला सांगितलं. आम्ही दुपारी बघितला होता, तरी.

तिसऱ्या हंगामातले निवडक भाग मी पुढच्या चार रविवारी लावणार आहे. पट्टा साधारण तोवर पडेल. चंद्राचा भाग मोबाईलमध्ये उतरवून ठेवलाय. पहिल्या रांगेतल्या पोरीनं तो मागितलाय, मायला दाखवायला. तिच्या घरी टीव्ही नाही, म्हणून तिच्या आईला शाळेतच बोलवायचं ठरलंय.